नामदेवचा रविवार

नामदेव कुणाच्याही घरी गेला, की आधी काठीचं लोखंडी टोक फरशीवर ठोकायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. "ठोस हाये," असं म्हणाला की मगच बसायचा. माझ्या सुनेला पहिल्यांदा तो टाइल्सचा ठेकेदारच वाटला.

तो एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. बायको गेल्यावर अकोल्यात एकटाच राहायचा, मुलगी हैदराबादला. मी अमरावतीत, शाळामास्तर. तिसरा रफीक, शिंपी, एका जुनाट व्हॅनचा मालक. मोर्शीच्या शाळेत आम्ही तिघे एका बाकावर बसायचो. कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धेच्या काठी सोन्याचा हंडा पुरलेला आहे, असं नामदेवच्या आजोबांनी मरताना त्याला सांगितलं होतं म्हणे. "रुक्मिणीचं माहेर हाये बाप्पा ते," तो म्हणायचा, "काही ना काही ठेवूनच गेली असन."

म्हणून दर रविवारी आम्ही तीन म्हातारे कुदळ घेऊन निघायचो. एकदा एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन तास खणल्यावर काहीतरी टणक लागलं. "रफीक, लागला रे हंडा!" म्हणत नामदेवनं होतं नव्हतं ते बळ लावून घाव घातला. खालून पाण्याचा फवारा उसळला. रफीकचा चष्मा वाहून गेला. शेताच्या मालकीण मंदाबाई धावत आल्या.

"माह्या पाइपलाइनीले काहून फोडून राहिले जी?"

फुटक्या पाइपावर दोन्ही हात दाबून बसलेला नामदेव म्हणाला, "बाई, खजिनाच शोधून राहिलो होतो. पण उन्हाळ्यात पाणी लागलं, हे का कमी हाये?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी आमच्याकडून पाइप जोडून घेतला आणि मग भाकर-ठेचा खाऊ घातला. परतताना मी नामदेवला विचारलं, "खरंच वाटतं तुला, हंडा आहे म्हणून?"

"सापडला त काम संपलं, मास्तर. नाही सापडला त पुढचा रविवार हाये."

रफीक गेला आणि व्हॅनही विकली गेली. नामदेव मात्र दर शनिवारी फोन करायचा. "उद्या एसटीनं जाऊ. जागा पक्की हाये." मी गुडघ्यांचं कारण सांगायचो. गुडघे दुखत होतेच, पण चालता येत नव्हतं असं नाही. रफीकविना तिथं जायला मन घेत नव्हतं, आणि हे नामदेवला सांगणं मला जमलं नाही. असं वर्षभर चाललं.

मग एका सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. नामदेव झोपेतच गेला होता. रडता रडता ती म्हणाली, "काका, दर रविवारी तुम्ही त्यांना सोबत न्यायचे. तेवढाच आधार होता त्यांना."

"दर शनिवारी फोन यायचा त्याचा," एवढंच मी म्हणालो.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी एकटाच एसटीनं कौंडण्यपूरला गेलो आणि विचारत विचारत, देवळापासून वरचा चढ चढून ते शेत गाठलं. मंदाबाईंनी मला लगेच ओळखलं.

"मास्तर ना तुमी? गुडघे बरे झाले वाटते! ते बाबा दर रविवारी यायचे. इथं धुऱ्यावर बसायचे, जेवायचे. निघताना तुमच्यासाठी दोन भाकरी बांधून घ्यायचे. मास्तर खाली देवळापाशी बसला हाये, त्याले चढवत नाही, म्हणायचे."

त्यांनी माझ्यामागच्या वाटेकडे पाहिलं.

"अन् आज ते बसले का देवळापाशी?"