पोटावरची निळी रेघ

त्यानं माझं पोट चिमटीत धरलं आणि उचलून दाखवलं. दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या मित्राला. मी टेबलावर आडवी, कुर्ता वर केलेला, नाडी सैल. पडदा ओढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"बघ, आरक्षणाचा पगार कुठं साठतो ते," तो म्हणाला. मित्र हसला. नर्सनं मान खाली घातली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला बदनापूरला. दोन सिझरनंतर पोटाचे स्नायू मधून फाकले, कातडी लोंबली. घडीखाली उन्हाळाभर चट्टे उठतात, वर्गात उभं राहिलं की कंबर धरते. बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, व्यायामानं व्हायचं तेवढं झालं, आता ऑपरेशन. पण प्लास्टिक सर्जनकडंच जा, पाटी बघून भुलू नका. तरी मी जालन्यात याच्या दारात गेले. कारण तो पिंपळगावचा, आमच्या गावचा. आमच्याकडं डॉक्टर असाच निवडतात. काय शिकला ते कोण विचारतं? कुणाचा कोण, एवढं कळलं की झालं.

नवरा म्हणाला, "गावचा माणूस हाये, बराबर पाहीन. बाहिरचा कोण वळखतो आपल्याला?" मलाही पटलं. ओळखीचा माणूस जपून कापेल, असं वाटलं.

ओळख निघाली ती त्याच्या वावरातून. "तू त्या कापूस वेचणारीची पोरगी ना?" आत गेल्या गेल्या हाच प्रश्न. आणि मी, इतकी वर्षं फळ्यापुढं उभी राहणारी बाई, "हो दादा" म्हणाले. त्या "दादा"चा मला अजून संताप येतो.

मित्राला दाखवून झाल्यावर त्यानं निळं पेन घेतलं. ओटीपोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत रेघ ओढली. ओढता ओढता म्हणाला, "तुझी माय दिवस भरत आले तरी वेचायला यायची. तिचं पोट सुटलं न्हाई कधी. तुमाला खुर्ची सोसली न्हाई."

आईचं पोट त्यानं कधी पाहिलं? मी पाहिलं होतं. आमच्याकडं बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळतात आणि सव्वा महिना तिला उठू देत नाहीत. धाकट्या भावाच्या वेळी कापूस फुटला होता. या डॉक्टरच्याच घरून बोलावणं आलं. आई पट्टी बांधून वावरात गेली. पुढं मरेपर्यंत ती पट्टी सुटली नाही. संध्याकाळी सोडली की पोट मांडीवर यायचं. आम्ही पोरं तिकडं बघत नसू.

मी उठून बसले. कुर्ता खाली ओढला.

"डॉक्टर, तुमची प्लास्टिक सर्जरीची डिग्री कुठली?"

"काय?"

"भूल कोण देणार? मधेच काही झालं तर आयसीयू कुठं आहे?"

भिंतीवर एकच फ्रेम होती. केस आणि त्वचेच्या कोर्सची. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं.

"आमच्या वावरात वाढली आन् आमालाच डिग्री इचारून राह्यली का?"

"पोट माझं आहे. आणि माझ्या आईचं नाव काढू नका."

मी नाडी बांधली आणि निघाले. बाहेर बसलेल्या नवऱ्याला रिक्षात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गावात काय म्हणतीन?"

"गावाच्या पोटावर रेघ न्हाई," मी म्हणाले.

रेघ लवकर गेली नाही. कातडी लाल होईस्तोवर घासली. ती पुसट झाली तरी मला चैन पडेना.

आता सुटी मिळाली की संभाजीनगरला जाते. एका सर्जनची डिग्री खरी, कौन्सिलची नोंदणीही खरी, पण प्रश्न विचारले की घड्याळ बघायचा. सोडला. दुसऱ्या सर्जनबाईंनी बिघडलेल्या टाक्यांचेही फोटो दाखवले आणि म्हणाल्या, तुमची साखर वाढलीय, आत्ता नाही करणार. ते उत्तर मला आवडलं नाही. पण विचारलेल्याचं उत्तर मिळालं होतं.

शाळेतल्या पोरांच्या आया विचारतात, "बाई, अमका डॉक्टर कसा हाये?" मी म्हणते, कुणाचा आहे ते मला सांगू नका, काय शिकलाय ते विचारून या. काहींना राग येतो. येऊ दे.

खऱ्या सर्जनच्या टेबलावर मी पुन्हा झोपणार आहे. माझे प्रश्न संपल्यावर. आणि पडदा ओढल्याशिवाय कुर्ता वर करणार नाही.