उन्हात वाकलेली तबकडी

पावसाळा सरला की ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बुरशी दिसते. मी त्या साबणाच्या पाण्याने धुते, मऊ फडक्याने रेघांबरोबर गोल पुसते आणि सावलीत वाळवते. काल सुनेने मदत म्हणून एक उन्हात ठेवली. ती पापडासारखी वाकली. आता सुई झोके खाते आणि गाणारी बाई दारू प्यायल्यासारखी गाते.

"टाकून दे आई, गाणं फोनवर आहे," मुलगा म्हणाला.

"फोनवरचं तू ऐक. ही तुझ्या बापाची आहे."

वाकायला एक दुपार पुरते. सरळ व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा थांबायला कोणी तयार नसतं. मी आहे. तबकडी दोन पाटांमध्ये घालून वर डाळ-तांदळाचे डबे ठेवले.

"रविवारी पाहुणे आहेत, पाट लागतील," सून म्हणाली.

"सतरंजी अंथर. ही सरळ होईपर्यंत पाट निघायचे नाहीत."