कुंदाआत्यानं न केलेली सही

मी शाळेत शिकवत असताना बाबा कधी फोन करत नाहीत. त्या दिवशी दुसऱ्या तासाला, आठवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना फोन थरथरला, आणि पडद्यावर त्यांचं नाव बघूनच काहीतरी झाल्याचं कळलं. बाहेर व्हरांड्यात आले. "कुंदा गेली ना बाई..." एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "चहा ठेवला होता तिनं. गॅस मी बंद केला." दुर्गमधल्या शाळेतून स्मृति नगरला, आत्याच्या घरी, पोचायला मला अर्धा तास लागला. आत्या खुर्चीतच होती, पाय नीट जुळवलेले, चष्मा डोळ्यांवर. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. बाबा ओट्यापाशी उभे होते आणि त्या भांड्यातला अर्धवट उकळलेला चहा ओतून टाकायला कोणालाच हात लावू देत नव्हते.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

माझे आजोबा रेल्वेत गार्ड होते. भंडाऱ्याकडून दुर्गला आले ते इथलेच झाले. बाबा मोठे, कुंदाआत्या त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. रेल्वे क्वार्टरमधून सायकलनं कॉलेजात जाणारी, बाजारात भाजीवालीशी छत्तीसगढी, मैत्रिणींशी हिंदी आणि घरात आमची नागपुरी मराठी बोलणारी. एम.एस्सी. झाल्यावर तिला दक्षिणेतल्या एका शहरात, लशी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आजीनं आठ दिवस जेवण सोडलं म्हणतात. आत्या गेली ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. लग्नाचा विषय हळूहळू घरात निघेनासा झाला.

उन्हाळ्यात ती पंधरा दिवस यायची. कूलरसमोर चटई टाकून आम्ही दोघी पडायचो. तिनं आणलेले केळ्याचे वेफर्स मी खायची आणि ती आईच्या हातचे तांदळाचे चीले, म्हणजे इथली धिरडी, टमाट्याच्या चटणीसोबत, सहा-सात सहज. "तिकडं समदं मिळते, पन हे नाही मिळत," म्हणायची. एकदा मी विचारलं, आत्या, तू ऑफिसात काय करते? "मी? उंदरं मोजतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. मी हसले तशी ती उठून बसली आणि मला समजेल अशा भाषेत सांगू लागली. लस काही तांदळासारखी तराजूत टाकून मोजता येत नाही. बाटली भरलेली आहे म्हणून तिच्यात जोर आहे असं नाही. तो जोर बघायचा तर एक आधीच पारखलेली लस मापासाठी जपून ठेवतात. काही उंदरांना ती टोचायची, काहींना कारखान्यातून आलेली नवी, मग सगळ्यांना त्या रोगाचा विषाणू द्यायचा, आणि रोज सकाळी मोजायचं... कोण राहिलं, कोण गेलं. मापाच्या लशीच्या तुलनेत नवीचा जोर पुरेसा भरला, तरच कागदावर सही होऊन ती बाहेर जाते. महिनाभर चालतं हे. "आन् उंदरं मरतात ते?" मी विचारलं. ती म्हणाली, "मरतात ना. म्हनून त मोजताना चुकाचं नाही. नाहीतर ते फुकट मेले."

आत्याकडे कुत्र्याच्या चाव्यावरच्या लशीची तपासणी चालायची, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत झालं ते मी नऊ वर्षांची असताना. छत्तीसगड राज्य नवंनवंच होतं. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी एक पिवळं कुत्रं अंगावर आलं आणि पोटरीचा लचका तोडून पळालं. बाबा मला स्कूटरवर पुढे घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत होते. सगळीकडे एकच उत्तर. लस संपली, वरूनच येत नाहीये. शेवटी ते घरी आले आणि त्यांनी आत्याला फोन लावला. मी पलंगावर होते. बाबांचं बोलणं मी ऐकलं, तिचं तिनं पुढे कधीतरी सांगितलं.

तिनं पहिलं विचारलं, "जखम धुतली का?" नव्हती धुतली. कोणीतरी त्यावर चुना लावला होता. "आधी धू दादा. साबन लावून, नळाखाली, घड्याळ पाहून पंधरा मिनिटं. मी फोन धरून राहतो." आई मला मोरीत घेऊन गेली. माझ्या रडण्याच्या वर बाबांचा आवाज चढत गेला.

"कुंदा, लस तुह्याकडेच अडकून पडली हाय ना? मागल्या हप्त्यात तूच म्हनत होती, पास झाली म्हनून."

"कागदावर झाली दादा. पन मापाचीच लस कमजोर निघाली. ते ज्या उंदरांना देल्ली, त्यातले नेहमीपेक्षा जास्त मेले. मापच हलकं असलं त माल भारीच दिसन ना."

"मले ते नको सांगू. पोरगी रडून राहिली इथं. एक सही त माराची हाय तुले. तिच्यासाठी सही कर म्हनतो मी!"

"तिच्यासाठीच नाही करून राहिली," आत्या म्हणाली. बाबांनी फोन आपटला.

तासाभरानं तिचा परत फोन आला. आईनं उचलला. नागपूरच्या एका दवाखान्यात जुन्या, नीट तपासलेल्या साठ्यातल्या लशी शिल्लक होत्या. तिनं ओळखीपाळखीच्या लोकांना एकेक करून फोन लावून त्या शोधल्या होत्या, माझ्या नावानं राखून ठेवायला सांगितल्या होत्या, जखमेभोवती टोचायच्या औषधाचीही सोय केली होती. पहिल्या गाडीनं बाबा मला घेऊन निघाले. पाचही इंजेक्शनं होईपर्यंत मी नागपूरला मावशीकडे राहिले, आणि मला काही झालं नाही. त्या पायावर अजून चंद्रकोरीसारखा वण आहे.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण महिन्याभरानं आत्याची नवी तपासणी पुरी झाली, मापाची दुसरी कुपी घेऊन. आणि ती अडकवलेली लस पास झाली. म्हणजे ती आधीपासून चांगलीच होती. आत्यानं हे स्वतःच पत्र लिहून बाबांना कळवलं. लपवलं असतं तर कोणाला कळलं असतं? बाबांनी पत्र वाचलं, घडी केली आणि आईला म्हणाले, "पाह्यलं? चांगली लस दाबून ठेवली हिनं. आपली पोरगी मेली असती त?" त्यानंतर ते बहिणीशी बोलले नाहीत. उन्हाळे आले, आत्या नाही आली. राखी पोस्टानं यायची. बाबा ती मनगटावर बांधत नसत, फेकतही नसत. देवांच्या फोटोमागे सरकवून ठेवत.

मी वयात येत होते, आणि माझ्या मनात आत्याविषयी काय होतं ते मलाच कळत नव्हतं. कधी वाटायचं, ती दगडाची आहे. कधी कूलरसमोरची चटई आठवायची.

बाबा तेव्हा कुम्हारीच्या एका लहान कारखान्यात तपासनीस होते. रुळांना लागणारे बोल्ट तिथे बनायचे, आणि बाबांचं काम एकच. प्रत्येक पेटीतले काही बोल्ट पोलादी गेजमधून, म्हणजे मापाच्या कडीतून, घालून बघायचे. मी अकरावीत असताना एक दिवस ते दुपारीच घरी आले. चपला न काढता बसले. मग सांगू लागले. सकाळपासून सगळा माल पास होत होता, एकही बोल्ट अडत नव्हता, आणि त्यांना तेच खटकलं. नवी कडी आणवून बघितलं, तर जुनी आतून घासली होती. जाडा बोल्टही तिच्यातून सरकत होता. त्यांनी ट्रक थांबवला. मालक सगळ्यांसमोर ओरडला, दोनशे बोल्ट काढून नव्या कडीतून घालायला लावले. ते सगळे बसले. "समदे चांगलेच होते," बाबा म्हणाले. "मालक म्हनते, मग कावून थांबवलं रे? मी म्हनलं, साहेब, चांगले हाय हे सकाळी कोनाले मालूम होतं?"

आईनं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. उठले, फोनपाशी गेले, आणि नंबर आठवेना म्हणून मला डायरी आणायला सांगितलं. पलीकडून आत्यानं उचलला असावा. "कुंदा," ते म्हणाले. हातातली डायरी मिटली, पुन्हा उघडली. शेवटी बाबा म्हणाले, "आंबे आले हाय. येत नाही का तू?"

ती आली. निवृत्त झाल्यावर कायमचीच आली, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं. भावाबहिणीत त्या वर्षांचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. एकदा मीच धीर करून विचारलं, आत्या, मला काही झालं असतं तर? ती डाळ निवडत होती. "झालं असतं त मी जगली नसती बाई," ती शांतपणे म्हणाली, "पन सही तेव्हाबी केली नसती." आणि पुन्हा डाळीत बोटं फिरवू लागली.

तिच्या तेराव्याला आमच्या जुन्या शेजारीण साहूकाकू आल्या होत्या, लहानपणी मला 'नोनी', म्हणजे पोरी, म्हणणाऱ्या. माझा हात धरून बसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "तुमको कुत्ता काटा था न, तब रोज शाम को हमारे घर फोन करती थी तुम्हारी बुआ. तुम नागपुर से लौट आई, उसके बाद, महीनों तक. पूछती थी, नोनी को बुखार तो नहीं? पानी पीती है ठीक से? और बोलती थी, दादा को मत बताना." बाबा पलीकडे पाहुण्यांना पाणी देत होते. त्यांच्या हातातला तांब्या थांबला. त्यांनी ऐकलं होतं.

गेल्या रविवारी मी आत्याचं घर आवरायला गेले. कपडे, पुस्तकं, भांडी... सगळं झाल्यावर फ्रिज उघडला. आत दुधाची रिकामी पिशवी, लिंबाचं लोणचं, आणि मधल्या फळीवर उभा करून ठेवलेला थर्मामीटर. दाराला आतून एक कागद चिकटवलेला. लशी थंडाव्यात जपायची आयुष्यभराची सवय, घरच्या दूध-दह्यालाही ती रोज सकाळ-संध्याकाळ तापमान बघून लिहायची, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. सकाळी चार. संध्याकाळी पाच. सकाळी चार. मी बोट फिरवत तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत आले. त्या संध्याकाळचा रकाना रिकामा होता. पण दुसऱ्या दिवसापासून आकडे पुन्हा सुरू होते. सकाळी पाच. संध्याकाळी पाच. मोठं, जाड, कारखान्यात पेट्यांवर लिहायची सवय असलेलं अक्षर. थेट आदल्या संध्याकाळपर्यंतचे.

मी फ्रिजचं बटण बंद करायला वाकले तेव्हा दारात चपला वाजल्या. "राहू दे ते," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, मला थोडं बाजूला सारलं आणि वाकून थर्मामीटर बघितला.

"चार," ते म्हणाले. "लिही."