दापोली स्टँडपर्यंत

आमच्या आजीचा देवावर पूर्ण विश्वास होता, पण एस.टी.च्या वेळापत्रकावर काडीचाही नव्हता. सहाची गाडी असली की बाईसाहेब पाचलाच रत्नागिरी स्टँडवर हजर. मांडीवर पिशवी, पिशवीवर छत्री, छत्रीवर दोन्ही हात. गाडी लागली की आधी ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन विचारायची, "काय रे बाबा, झोप झाली का नीट?" झाली म्हणाला की पायरीवर चढून तिथेच डोळे मिटायची आणि ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे टायर धरून अख्ख्या गाडीसाठी प्रार्थना करायची. मागचे लोक खोळंबायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "तुझ्यासाठी पण केली हो. आता चढ."

तिला सगळे बाय म्हणायचे, आम्ही नातवंडंसुद्धा. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे घरातही आवाज वर्गातलाच. संध्याकाळी सात वाजले की टीव्ही बंद, शास्त्रवाचन सुरू. पाहुणे असोत, ताप असो, सुटका नाही. एकदा बाबा वैतागून म्हणाले, "बाय, एक दिवस नाही वाचलं तर देव काय रागावणार आहे?" बायने चष्म्यावरून बघितलं. "तो नाही रागावणार. मी रागावेन." विषय संपला.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, जेमतेम तीसेक घरं. चर्चचा कारभार पाच पंच बघायचे आणि त्यांच्यात बाय ही पहिली बाई. याचा तिला अभिमान होता, अगदी उघड. माझी मार्था आत्या दापोलीकडच्या एका हिंदू, आंब्याच्या कलमवाल्याशी लग्न करून गेली, तेव्हा तिला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-प्याल्यातून, बंद करायचं का, हा प्रश्न या पंचांसमोर आला. चर्चचा पाळक भला माणूस. तो म्हणाला, "बाय, तुम्ही आई आहात, तुम्ही यात पडू नका, घरी जा." बाय गेली नाही. सगळ्यांच्या आधी हात तिने वर केला. वर सांगून आली की मंडळी मार्थेला परत घेत नाही तोवर मी तिच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, आणि तिनेही माझ्या ठेवायचा नाही. आजोबा तेव्हा होते. ते त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात. मी तेव्हा दोन वर्षांची. पुढे घरात आत्याचं नाव निघालं की आई भांडी आवरायला उठायची.

मी शेतकी शिकायला दापोलीला गेले आणि बायला माझा फारच उमाळा यायला लागला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पहिल्या गाडीने यायची, पाच-साडेपाच तास हाडं खिळखिळी करून. मला स्टँडवर बोलवायची, घावण्यांचा डबा हातात द्यायची, केस विंचरतेस का, प्रार्थना करतेस का विचारायची आणि पंधरा मिनिटांत म्हणायची, "जा गो आता, तुझा अभ्यास असेल." मी मैत्रिणींना सांगायचे, माझी आजी पंधरा मिनिटांसाठी एवढा प्रवास करते. त्यांना कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं. मूर्ख होते मी!

एकदा तिचा चष्मा माझ्याकडे राहिला म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आले. पार टोकाच्या बाकावर बाय एका बाईबरोबर एकाच डब्यातून जेवत होती. बाई पन्नाशीची, गळ्यात मंगळसूत्र, आणि नाक हुबेहूब बायचं. मला बघून बाय जराही गडबडली नाही. "ही तुझी आत्या," ती म्हणाली. "बस. चटणी तिखट आहे, बेताने घे."

आत्या हसली. म्हणाली, "पोरीला कशाला पुढे करतेस आई? घरी ये ना. वीस मिनिटांवर आहे."

"शब्द दिलाय मी. स्टँड कुणाचं घर नसतं, म्हणून इथे बसते."

कायद्याला एवढी पक्की बाई, आणि ही पळवाट तिने स्वतःच शोधून काढलेली. मला तिचा राग आला आणि गलबलूनही आलं. त्यानंतर आम्ही तिघी बसायला लागलो. त्या दोघी फार बोलत नसत. आत्या तिची नखं कापून द्यायची, ती आत्याच्या वेणीला नावं ठेवायची. एक वाजता परतीची गाडी लागली की उठायची. पाया पडणं नाही, मिठी नाही, "येते हं" एवढंच.

दुसऱ्या वर्षी आत्या वाळायला लागली. पोटात गाठ निघाली. मुंबईला नेऊन आणलं, पण उशीर झाला होता. मार्चमध्ये ती रिक्षातून स्टँडवर आली, तेव्हा तिला बाकापर्यंत मीच धरून नेलं. तिने डबा उघडलासुद्धा नाही. म्हणाली, "आई, पुढल्या वेळी मला इथवर यायला जमायचं नाही. तू ये."

"येते," बाय म्हणाली. "अर्ज दिलाय मी, तुला परत घ्यावं म्हणून. पंच बसले की ठराव होईल. झाला की त्याच दिवशी येते."

पंच काही बसेनात. एकजण मुलाकडे मुंबईला गेलेला, एकाच्या घरी लग्न, मग पाळकांची बदली, नवे पाळक येईपर्यंत थांबायचं ठरलं. मी रोज फोन करायचे. "बाय, खड्ड्यात गेला तो ठराव. तू निघ." ती म्हणायची, "दोनच आठवडे गो. एवढी वर्षं थांबले, आता शेवटाला खोटी पडू?" मी ओरडले, रडले, नाही नाही ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रार्थना कर."

शेवटचे चार दिवस मी आत्याच्या घरीच होते. आतोबा बिचारे नुसते आत-बाहेर करत होते. आत्या मधूनच डोळे उघडायची आणि मला विचारायची, "आई गाडीत बसली का?" पहिल्यांदा मी नाही म्हणाले. मग तिचा चेहरा बघवेना, म्हणून सांगायला लागले, बसली. चिपळूण सोडलं. खेड आलं. बुधवारी दुपारी ती गेली, तेव्हा माझ्या सांगण्याप्रमाणे बाय खेडच्या पुढे आली होती.

खरी बाय दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ठराव झालेला नव्हता, तशीच आली. दहन आदल्या दिवशीच झालं होतं आणि सकाळी अस्थीही नदीत सोडल्या होत्या. ती अंगणात छत्री धरून उभी राहिली. आतोबा म्हणाले, "आई, आत या." ती जागची हलली नाही. तिने विचारलं, "ठेवलीय कुठे तिला?" आमच्यात माणूस गेलं तरी कबर असते. फुलं न्यायला, दोन घटका बसायला जागा असते. आतोबांनी हात जोडले. मग तिने माझ्याकडे बघितलं. "काही म्हणाली?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं, चिपळूण, खेड, सगळं. बाय खाली मातीत बसली.

पंच त्यानंतर महिन्याभराने बसले आणि मार्था आत्याचं नाव परत पटावर घेतलं. नवे पाळक स्वतः घरी येऊन सांगून गेले. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीची थाळी बायपर्यंत आली, तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि एक तुकडाही न उचलता शेजारणीकडे दिली. प्यालाही तसाच दिला. मंडळीत कुजबूज झाली. बाबांनी समजावलं, पाळकांनी समजावलं. ती दर रविवारी चर्चला जायची, गाणी म्हणायची, पण भाकर तिने पुन्हा तोंडात घेतली नाही. दापोलीला काय, साध्या जवळच्या पाली गावालाही ती नंतर कधी गेली नाही.

चार वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. पाळक भाकर आणि प्याला घेऊन घरी आले. म्हणाले, "बाय, प्रभूने तुम्हाला केव्हाच क्षमा केलीय." बाय म्हणाली, "त्याने केली असेल हो. त्याचं मन मोठं आहे." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवसांनी ती गेली.

त्या दिवशी अंगणात तिने विचारलं, तेव्हा "शांतपणे गेली" एवढं म्हणून मी गप्प बसू शकले असते. चार दिवस आत्याशी खोटं बोलले होते, बायशी आणखी एक बोलायला काय हरकत होती? पण मला तिला दुखवायचं होतं, म्हणून मी खरं सांगितलं. परवा प्रभुभोजनाची थाळी माझ्यासमोर आली. मी ती तशीच पुढे दिली.