वेल्समधलं घर आणि माझ्या कुरडया

ग्लेन वेव्हर्लीच्या आमच्या घरी दरवर्षी चैत्रात कुरडयांना बुरशी यायची आणि दरवर्षी मी त्याचं खापर गव्हावर फोडायची. "इथल्या गव्हात दमच नाही हो," असं मी नवऱ्याला सांगायची. जगाला गहू पुरवणारा देश, पण आमचा नवरा इंजिनियर, त्यामुळे तो गंभीरपणे मान हलवायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ज्या घराची गोष्ट आहे त्याला मी मनातल्या मनात फार हसायची.

ते घर डँडेनॉन्गच्या पुढे, डोंगरात होतं. छोटंसं, दगडी. वेल्समधल्या एखाद्या खेड्यातल्या जमीनदाराचं घर कुणी अलगद उचलून निलगिरीच्या झाडांत आणून ठेवावं, तसं. मालकीणबाईंच्या आजोबांनी इथे येऊन लोकरीवर भरपूर पैसा केला आणि मग त्यांना वडिलांच्या घराची आठवण यायला लागली. घराची आठवण आली की माणसं दोन दिवस जेवत नाहीत. यांनी घरच बांधलं. हुबेहूब. छपरावर पाटीच्या दगडाची कौलं, तीसुद्धा बोटीने आणलेली. छप्पर चांगलं उतरतं, बर्फ घसरून पडावं म्हणून. आता तिथे बर्फ म्हणजे कधी चुकूनमाकून, तो भाग वेगळा. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान. चुलीची चिमणी एवढी लठ्ठ की जिना बिचारा तिच्या पोटाला वळसा घालून वर जायचा. आणि दारावरच्या शिळेवर साल कोरलेलं होतं, तेही मूळ घराचं. म्हणजे हे घर जन्माला आलं तेच म्हातारं होऊन.

मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. रविवारी लोकांना घर दाखवायच्या, पण गुडघे गेले तेव्हा त्यांना पगारी माणूस हवं झालं. ती नोकरी मला हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव अडकला होता तिच्यात. मी पुण्याची इतिहासातली एम.ए., पण या देशात येऊन माझी एकच ओळख उरली होती: 'ह्यांच्या मिसेस'. कुणाच्याही बार्बेक्यूला गेलं की पुरुष विचारणार, "भाभीजी, आज क्या बनाया?" मला एकदा तरी कुणीतरी दुसरं काही विचारायला हवं होतं.

बाईंनी मला काही रविवार शिकवणीवर ठेवलं. जुलैत, इथल्या ऐन थंडीत, वेल्श वंशाच्या वयस्कर मंडळींची एक बस येणार होती. ती फेरी नीट झाली तर नोकरी माझी, नाहीतर "थँक्यू, माय डिअर". घराची माहिती त्यांना आईने तोंडी दिली होती, तशीच त्यांनी मला दिली आणि मी शाळेत कविता पाठ करावी तशी घोकली. त्यातलं मुख्य वाक्य बैठकीच्या खोलीचं: "ही दक्षिणेकडची खोली. इथे दिवसभर ऊन असतं."

हे वाक्य मी दोन स्वेटर आणि हातमोजे घालून म्हणायची. म्हणताना तोंडातून वाफ निघायची. आणि गंमत म्हणजे माझा त्यावर पूर्ण विश्वास होता! दक्षिणेला ऊन असतंच की. पुण्यात आमचं सगळं वाळवण दक्षिणेच्या गच्चीवर व्हायचं. इतका विश्वास, की गालिचा उन्हाने विटू नये म्हणून मी पडदे ओढून ठेवायची. गालिच्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा. मी म्हणायची, जुनी लोकर आहे.

तो रविवार उजाडला. बस आली. मी ठेवणीतलं इरकल नेसून, आत नवऱ्याची लोकरी विजार चढवून उभी. चिमणी, जिना, शिळा, सगळं झकास झालं. बैठकीच्या खोलीत मी हात पसरून म्हटलं, "इथे दिवसभर ऊन असतं."

टोपीवाल्या एका आजीबाईंनी नाक पुसत विचारलं, "कुठे गं, डार्लिंग?"

मी तोऱ्यात पडदा सरकवला. बाहेर नेचे आणि शेवाळ, दोन्ही टपटप गळत होतं.

"आज ढग आहेत," मी म्हटलं.

"मग ते काय?" त्यांनी मागे काठी दाखवली. बोळाच्या टोकाला एक दार किलकिलं होतं आणि फरशीवर उन्हाचा लख्ख पट्टा पडला होता.

"ती डेअरी, दूधदुभत्याची खोली. ती मुद्दाम उत्तरेला, थंडाव्याला बांधलीय, लोणी..." एवढं म्हणाले आणि माझ्याच तोंडून मराठीत निघालं, "अगं बाई, कुरडया!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकीणबाईही. त्या खुर्चीत मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसल्या होत्या. मला कळत होतं, पाठ केलेलं पुढे म्हटलं तर नोकरी आहे. पण आता ते वाक्य तोंडातून येईना.

"इथे ऊन येत नाही," मी म्हटलं. "कधीच आलेलं नसणार. हा देश पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. हे घर अजून वेल्समध्येच आहे." आणि मग एकट्या त्यांच्याच आजोबांचं हसं नको म्हणून माझंही सांगितलं: कुरडया म्हणजे काय, त्या चैत्रात करतात म्हणून मी इथल्या एप्रिलात, ऐन पानगळीत करते, आणि दक्षिणेच्या अंगणात, घराच्या सावलीत वाळत घालते. वर्षानुवर्षं. गव्हाला शिव्या देत.

कुणी हसेना. सगळे बाईंकडे बघत होते.

"थंडीने माझ्या आईची बोटं सुजायची," शेवटी बाई म्हणाल्या. "आजोबा म्हणायचे, ऊन बाधलं."

मग त्या टोपीवाल्या आजी जे खिंकाळल्या! बाईंनी डोळे पुसले, पिशवी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "चहा कुठे द्यायचा?"

"डेअरीत."

बसभर म्हातारी माणसं खुर्च्या, किटल्या आणि एक सोफा घेऊन त्या अरुंद बोळातून निघाली. सोफा अडकला. त्याच्यावरून चढून लोक पलीकडे गेले. दगडी फळ्यांना टेकून, उन्हात कोट काढून सगळ्यांनी चहा प्यायला.

"इथे लोणी कधी घट्ट झालंच नाही," बाई म्हणाल्या. "आजोबांनी तीनदा गाई बदलल्या."

मला माझा गहू आठवला.

निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून ये. पगारी. आणि ते उन्हाचं वाक्य गाळू नकोस हं. आधी तिथे नेऊन म्हण, चांगले गारठले की मग इथे आण."

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "अहो, दुपारी सूर्य कुठे असतो?"

"डोक्यावर."

"नीट सांगा."

तो मागच्या अंगणात गेला, बराच वेळ वर बघत उभा राहिला, आणि आत येऊन म्हणाला, "गहू चांगला होता म्हणायचा."

सप्टेंबरात, म्हणजे इथल्या चैत्रात, मी डेअरीच्या दगडी फळ्यांवर कुरडया घातल्या. कडकडीत वाळल्या. पाहुणे वाकून बघायचे आणि विचारायचे, हे वेल्श आहे का? मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणायच्या, "अर्थात. आजोबांच्या वेळेपासून."