तूळ राशीचा होकार

घरात तिला सगळे 'तागडी' म्हणत. रास तूळ आणि नोकरी औषधांच्या कारखान्यात पावडरी वजन करण्याची. मग दुसरं नाव शोधायचं कशाला? साध्या चपला घ्यायला गेली तरी चार दुकानं पालथी घालून रिकाम्या हातांनी परतायची. आत्या म्हणायची, "कुणाला सिंह मिळाला, कुणाला विंचू, कुणाला मासे. जिवंत काहीतरी! हिच्या वाट्याला वस्तू आली. डावं पारडं की उजवं, जन्म सरेल पण ठरायचं नाही."

एरवी ती हे हसण्यावारी न्यायची. आज हसू येईना. बाबा मोरीत पडले होते आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. वय झालेलं, हृदय कमजोर. ऑपरेशन केलं तर टेबलावरच काही होऊ शकतं, नाही केलं तर अंथरूण कायमचं. "संध्याकाळपर्यंत सांगा," डॉक्टर म्हणाले होते. बाबा तिच्याकडे राहायचे, म्हणून सांगायचं तिनेच.

बदली माणूस मिळाला नाही, सकाळची पाळी करावीच लागली. काट्यावर पावडर ठेवली, पण आकडा काही ठरेना. तिनं ती काढून पुन्हा ठेवली, तरी तेच.

"अगं, काट्याचं काचेचं दार उघडंच आहे!" शेजारच्या टेबलावरची थोरली बाई ओरडली. "तुझ्या श्वासानं हलतोय आकडा."

इतक्या वर्षांत ही चूक तिच्याकडून कधी झाली नव्हती.

दवाखान्यात पोहोचली तर खाटेभोवती ही गर्दी. भाऊ म्हणाला, "करून टाकू. घोळ नको." वहिनी म्हणाली, "या वयात चिरफाड? हाल होतील हो." आत्यानं कपाळावर हात मारला, "विचारताय कुणाला? तागडीला!" बाबा डोळे मिटून पडले होते, पण पापण्या हलत होत्या.

तिला आत्याच्याच जुन्या पुस्तकातलं तुळेचं चित्र आठवलं. बाजारात तराजू हातात धरून एक माणूस उभा होता. आत्यानं कायम तराजूच पाहिला. धरणारा तिला कधी दिसलाच नाही.

"सगळे जरा बाहेर जा," ती म्हणाली.

"म्हणजे?" भाऊ चमकला.

"म्हणजे बाहेर. आत्या, तूसुद्धा."

कुरकुरत का होईना, गेले सगळे. तिनं दार लावलं.

"बाबा, झोपेचं सोंग पुरे. तुम्हाला काय हवंय?"

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मला कुणी उठवून बसवायला नको. मला माझं उठायचंय."

"त्यात जिवाला धोका आहे, बाबा."

"कान शाबूत आहेत माझे. भीती वाटते गं. तुला नाही वाटत?"

"वाटते. सकाळपासून घास उतरला नाही."

"मग दोघं मिळून घाबरू. पण काही वाईट झालं तर स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तेवढं कबूल कर."

तिला कबूल करता येईना. तिनं नुसता त्यांचा हात धरून ठेवला.

दार उघडलं तेव्हा सगळे दाराला चिकटूनच उभे होते.

"ऑपरेशन करायचं," ती म्हणाली.

भावानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की काहीच नाही रे. पण करायचं. डॉक्टरांना बोलाव, मी बाबांजवळ बसते."