पंचफुलाबाईचा टोचा

मारेगावच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर पंचफुलाबाई कासार तीस वर्षं बसली. लग्नाच्या पातेल्यांवर टोच्यानं, त्या अणकुचीदार खिळ्यानं, नावं घालायची. तिनं टोचलेलं नाव राखेनं घासा की विटकरीनं, पुसत नसे. जीभही तशीच. बाजारात कोणाला जमत नसे ते तिला एकटीला जमायचं: तांब्याच्या पत्र्यावर देवीचं यंत्र. बाहेर चौकट, मग पाकळ्या, आत एकमेकांत गुंतलेले त्रिकोण. रेघ ओढताना तिचे ओठ हलत. सासूनं कानात दिलेला मंत्र तिनं कधी मोठ्यानं उच्चारला नाही. सासूचाच दंडक, मधला बिंदू आधी टोचायचा नाही. ज्याचं यंत्र त्याला समोर बसवायचं, त्याचं मागणं त्याच्याच तोंडून वदवायचं, मग टोचा मारायचा.

"बिंदूबिगर यंत्र म्हंजे रिकामं देऊळ," ती म्हणे.

त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आणि अळी काही हटेना. औषधात औषध मिसळून फवारणी सुरू झाली. नळी वर धरली की फवारा उलटून तोंडावरच यायचा. मजूर चक्कर येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, पडू लागले. काही दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. पंप पाठीवर घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा फवारणीची औषधं विकणारा कृषी केंद्रवाला देवराव ओट्यावर आला.

"मावशी, शंभर यंत्रं पायजे. लहान, गळ्यात घालाचे. मजुराइले वाटतो. हे घातलं का इख बाधत नाही म्हनून सांगतो."

"कोनं सांगतलं बाधत नाही म्हनून?"

"देवीचं हाय ना? तूच तं पूजतं."

"म्हनूनच इचारून राह्यली."

देवराव हसला. "मानसाचं भेव गेलं पायजे, बस. तू नाही देल्ले तं नागपूरहून छापील आनतो."

पंचफुलाबाईनं सुपारीचं खांड गालात सरकवलं. छापील आले तर हे लोक उघड्या अंगानं रानात शिरतील, हे तिला दिसत होतं. आठ दिवसांत तिनं शंभर यंत्रं दिली.

"मधात ठिपका कुठी हाय?" देवरावानं विचारलं.

"तो घालनाऱ्यासमोर पडते. धाडजो एकेकाले."

देवरावाला वाटलं, बरंच झालं, मजुरांचा विश्वास आणखी बसेल. त्यानंच दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना सांगितलं.

पहिला आला उकंडा. डोळे लालभडक, गळ्यात यंत्र.

"काय मांगतं?"

"इख लागू नोको, माय."

"देवीले काय देतं?"

"नारळ."

"नारळ ठेव तुह्या घरी. म्हन, चष्मा, हातमोजे अन तोंडाले फडकं, एवढं भेटल्याबिगर पंपाले हात लावनार नाही. वारा तोंडावर असंन तं फवारनार नाही."

"अन मालक कावला तं?"

"त्याले म्हनजो, देवीले बोललो. अन आयक, पत्र्यानं इख थांबत नाही. बोललं ते पाळलं तं थांबते."

उकंडा अडखळत बोलला. तिनं टोचा मारला.

चार दिवसांत साठ-सत्तर माणसं बसून उठली आणि अर्ध्या शिवारातले पंप खाली ठेवलेले राहिले. देवराव तणतणत आला.

"मावशी, तू यंत्र करतं का युनियन चालवतं?"

"यंत्र."

"सारे चष्मे मांगून राह्यले."

"मंग दे. तुह्या दुकानात धूळ खात टांगले हायेत."

"औंदा आमच्या मंडळाच्या नवरात्रात तुह्यं यंत्र बसनार नाही. सांगून ठेवतो."

हे तिला लागलं. बावीस वर्षं मांडवातलं यंत्र तिच्या हातचं होतं.

"नोको बसवू," ती म्हणाली. "देवी काई तुह्या मांडवावाचून उघड्यावर पडली नाही."

"मी नागपूरहून आनतो, ठिपक्यावाले."

"आन ना. मी इथीच बसली हावो. जो येईन त्याले सांगीन, त्याच्यात कोनी नाही म्हनून. आता सरक, मांगचा मानूस उन्हात उभा हाय."

देवराव सरकला नाही. त्याला वळसा घालून एक मजूर ओट्यावर टेकला आणि गळ्यातलं यंत्र काढू लागला.

"काय मांगतं?" पंचफुलाबाईनं विचारलं.